लायसन्सचा अभ्यास

मैत्रिणींनो, सकाळी साडेनऊच्या सुमाराला तुमच्या गावच्या चौकात पाच मिनिटं उभ्या राहा आणि दुचाकीवरून जाणाऱ्या बायका मोजा. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, अंगणवाडीच्या ताई, मुलाला पुढे उभं करून शाळेत सोडायला निघालेली आई. बोटं पुरायची नाहीत. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातही आता असंच चित्र आहे. पण त्याच बायकांना थांबवून विचारा, 'लायसन्स आहे का हो?' निम्म्याजणी हसतील. कुणी म्हणेल, 'गावातल्या गावात कशाला लागतंय?' कुणी म्हणेल, 'आमच्या ह्यांच्याकडे आहे की!' जणू काही लायसन्स म्हणजे रेशन कार्ड, एका घराला एक पुरे.

लायसन्स म्हटलं की आपल्याला पोलीसमामा आणि पावतीच आठवते. त्यामागे एक अभ्यास आहे, तो आपल्या जिवाशी आणि संसाराशी बांधलेला आहे, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. तेही माझ्या धाकट्या जावेमुळे.

माझे धाकटे दीर एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे. २०२४ च्या डिसेंबरात, रात्री आठच्या सुमाराला परत येताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. वय चव्वेचाळीस. मागे जाऊ आणि दहावीतली मुलगी.

दिवस-कार्य आटोपल्यावर कागद बाहेर काढले. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं अपघाती कव्हर होतं. त्याचा हप्ताही भरलेला होता. सगळ्यांना वाटलं, चला, पोरीच्या शिक्षणाची तरी सोय झाली. पण त्या कव्हरची अट अशी, की अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे चालू मुदतीचं लायसन्स हवं. दिरांनी चोविसाव्या वर्षी काढलेल्या लायसन्सची वीस वर्षांची मुदत आठ महिन्यांपूर्वी संपली होती. घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. अर्ज नाकारला गेला.

पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी मात्र माणुसकी दाखवली. म्हणाले, 'वहिनी, साहेबांची लाइन तुम्ही सांभाळा. दुकानदार तुम्हाला ओळखतात. फक्त गाडी आणि लायसन्स पाहिजे. जूनअखेरपर्यंत मी दुसरा माणूस घेत नाही.'

घरात यावर काय काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्या गाडीनं एक माणूस नेला, तिच्यावर आता सुनेला बसवायचं? सासूबाई तर ऐकायलाच तयार नव्हत्या. आमचे हे म्हणाले, 'मी सोडत जाईन तिला.' पण रोज सत्तर-ऐंशी दुकानं, आणि ह्यांचं स्वतःचं किराणा दुकान उघडणार कोण? दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी जाऊच म्हणाली, 'ताई, तुम्ही बसाल का माझ्याबरोबर परीक्षेला? एकटीनं नाही जमायचं मला.'

ती सातवी शिकलेली. मी आजवर स्कूटरवर मागे बसत आलेली. पण दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघी वही-पेन घेऊन ओसरीत बसू लागलो. पुतणी आमची मास्तरीण!

परीक्षा कशी असते?

आधी शिकाऊ लायसन्स. त्यासाठी गाडी चालवून दाखवावी लागत नाही, नियमांची परीक्षा असते. संगणकावर एकेक प्रश्न येतो, बहुतेकदा चित्रासकट. खाली पर्याय असतात, त्यातला बरोबर निवडायचा. प्रश्न मराठीत घेता येतात, त्यामुळे इंग्रजीची भीती नको. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आम्हाला १५ प्रश्न होते, म्हणजे ९ बरोबर हवेत. प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद मिळतात, तेव्हा वाचायचा सराव पाहिजे. नापास झालं तरी आभाळ कोसळत नाही, ५० रुपये भरून पुन्हा बसता येतं.

शिकाऊ लायसन्सचं शुल्क १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी अर्ज केला, तर लायसन्सचं शुल्क दोनदा. अर्ज भरताना 'विनागिअर' की 'गिअरसह' हे नीट बघा. स्कूटर चालवायची असेल, तर विनागिअर पुरतं. पण घरात मोटारसायकल असेल आणि वेळप्रसंगी ती काढावी लागणार असेल, तर गिअरचं लायसन्स घ्या.

२०२१ च्या जूनपासून आपल्या राज्यात आधार कार्डावरून घरबसल्या ही परीक्षा देता येते. पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. जावेच्या आधारला नंबर होता तो दिरांचा. तो केव्हाच बंद झालेला. आपल्यातल्या किती बायकांच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर आहे, बघा जरा. नंबर बदलून घेण्यात दिवस गेले असते, म्हणून आम्ही साताऱ्याला आरटीओत जाऊन परीक्षा द्यायचं ठरवलं. बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्पही ठरलेल्या दिवशी भरतो. तुमच्याकडे कधी असतो ते विचारून ठेवा.

अर्ज भरायला गेलो, तर कोपऱ्यावरच्या एका दुकानातला मुलगा म्हणाला, 'काकू, कशाला डोकं शिणवता? ऑनलाइन करू. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर बसा, उत्तरं मी देतो.' जाऊ त्याला शांतपणे म्हणाली, 'बाळा, रस्त्यावर पण तूच येणार आहेस का माझ्यासंगं?' पोरगा गप्प झाला.

चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते मला लागलं. नजर, रंगांची ओळख, ऐकू येणं, हातपाय. उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यायला हवी, चष्मा चालतो. अर्जावर रक्तगटाची जागा असते. मला माझ्या मुलांचे, ह्यांचे, सासूबाईंचे रक्तगट पाठ आहेत. माझा स्वतःचा मी त्या दिवशी तपासून घेतला.

गोल, त्रिकोण आणि चौकोन

खुणांचे तक्ते बघून सुरुवातीला गरगरायला होतं. पुतणीनं सोपं करून सांगितलं, 'काकू, आधी आकार बघायचा.' गोल म्हणजे हुकूम. लाल कडेचा गोल म्हणजे 'हे करू नका', निळा गोल म्हणजे 'हे केलंच पाहिजे'. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे 'सावध, पुढे काहीतरी आहे': वळण, अरुंद पूल, शाळा, निसरडा रस्ता. चौकोन म्हणजे नुसती माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंगची जागा. फक्त दोन पाट्या सगळ्यांपेक्षा वेगळ्या असतात. अष्टकोनी लाल पाटी 'थांबा'ची आणि उलटा त्रिकोण 'आधी दुसऱ्याला जाऊ द्या'चा. या दोघींचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलाय, म्हणजे धुळीनं, चिखलानं माखल्या तरी ओळखता याव्यात. एवढं डोक्यात बसलं की निम्मी परीक्षा सुटते.

गोंधळ होतो तो जोड्यांत. निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ असेल तर गाडी लावायला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई. त्रिकोणातलं उजवं वळण म्हणजे रस्ता उजवीकडे वळतोय, आणि लाल गोलातला उजवीकडचा कापलेला बाण म्हणजे उजवीकडे वळायचंच नाही. पट्ट्यांचंही तसंच. तुटक पांढरी रेघ रस्ता मोकळा असेल तर ओलांडता येते, सलग पिवळी रेघ ओलांडायची नाही.

आमच्या गावात सिग्नल नाही. मग लाल-पिवळा शिकायचा कसा? तो वहीतच शिकलो. नुसता लुकलुकणारा लाल दिवा दिसला तर पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघून मगच निघायचं. लुकलुकणारा पिवळा दिसला तर वेग कमी करून सावधपणे जायचं.

बाजाराला एसटीनं जाताना खिडकीतून पाट्या ओळखायचा खेळच झाला आमचा. एकदा जाऊ मोठ्यानं म्हणाली, 'ताई, अरुंद पूल!' तर कंडक्टर म्हणाले, 'ताई, हा स्टॉप नाही!' सगळी एसटी हसली. त्या घरी आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आपल्या रस्त्यांवरचे प्रश्न

काही प्रश्न तर आपल्याच रस्त्यावरून उचललेत असं वाटतं. अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोण थांबणार? उतरणारी. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबली की पुन्हा उचलणं अवघड. पसरणीच्या घाटातून जाणाऱ्यांना हे सांगायला नको. गोल चौकात किंवा सिग्नल नसलेल्या नाक्यावर? आपल्या उजव्या बाजूनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पुढच्याला ओलांडायचं ते त्याच्या उजवीकडूनच. पांढरी काठी हातात घेऊन कुणी रस्ता ओलांडत असेल, तर ती काठी हीच थांबण्याची खूण समजायची. झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा.

फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्नही तक्त्यात असतो. गाडी थांबवायची, खाली उतरून दोन्हीकडे बघायचं, गाडी येत नाही याची खात्री झाली की मगच ओलांडायचं. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी क्रॉसिंग २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, तरी उत्तर पाठ ठेवा.

कागदपत्रं कोणती हवीत, हा प्रश्न हमखास येतो: लायसन्स, आरसी बुक, विमा आणि पीयूसी. आता ती डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर दाखवली तरी चालतात.

काही नियम खास आपल्यासाठीच आहेत. दुचाकीच्या मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारं आवरण, धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, हे सगळं नियमानं आवश्यक आहे. त्या जाळीला आपण साडीगार्ड म्हणतो. हौशी पोरं ती काढून टाकतात आणि मग आईचा पदर नाही तर बहिणीची ओढणी चाकात जाते. ती काढू देऊ नका. ओढणी गळ्याभोवती न गुंडाळता कमरेला गाठ मारून खोचा.

दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसवता येतो. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं. त्याहून लहान, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या बाळासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून वेगळा नियम आहे. बाळाला आपल्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मुलाला पुढे उभं करून नेणाऱ्या आयांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हेल्मेट म्हटलं की आपली पहिली अडचण अंबाड्याची. केस मानेवर सैल वेणीत घ्या, आत नीट बसतं. आयएसआयचा शिक्का बघूनच घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी उडून जातं.

आणि एक गंमत. २०१७ च्या एप्रिलपासून आलेल्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो, तसा नियमच आहे. पण रस्त्यातले निम्मे लोक अजून हातवारे करून सांगतात, 'ओ ताई, लाइट चालू आहे!' आपण मान डोलवायची आणि पुढे जायचं.

तो एक प्रश्न

एका दुपारी पुतणी प्रश्न वाचत होती. 'आपल्या वाहनामुळे अपघातात कुणी जखमी झाल्यास चालकाने काय करावे?' तीन पर्याय होते. आम्ही दोघी गप्प. पुतणीही पुढे वाचेना. मग जाऊच म्हणाली, 'जखमीला लगेच दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं.' जरा थांबून म्हणाली, 'त्यांच्याजवळ त्या रात्री पंधरा-वीस माणसं उभी होती, ताई. पोलिसांचं झंगट मागे लागेल म्हणून अर्धा तास कुणी हात लावला नाही.'

म्हणून हे मुद्दाम लिहिते. जखमीला मदत करणाऱ्याला आता कायद्यानं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये त्याबद्दल आदेश दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच ते कलम आलं. मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा, जवळच्या गाडीत घाला, पण नुसतं उभं राहू नका. हे घरातल्या पुरुषांनाही सांगा.

त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई स्वतःच ओसरीत येऊन बसल्या. म्हणाल्या, 'वाच गं पोरी. मलाही ऐकू दे, तुझी आई काय काय शिकतीय ते.' त्यानंतर एकही दुपार चुकली नाही. शेवटी शेवटी तर त्याच आम्हाला विचारायच्या, 'सांगा, उलटा त्रिकोण म्हंजे काय?'

परीक्षेचा दिवस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला गेलो. आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरंपोरी. जावेचे हात थंड पडलेले. माउस तिनं कधी धरलेला नव्हता, म्हणून आदल्या दिवशी पुतणीच्या मैत्रिणीकडे जाऊन सराव केला होता. हे तुम्हीही करा. सारथी या सरकारी संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट देता येते. रोज एक दिली तरी पंधरा दिवसांत हात आणि डोळा दोन्ही बसतात.

आत जाताना तिला एवढंच म्हटलं, 'आकार बघ, मग चित्र, मग वाच.' ती बाहेर आली ती बोटं मोजतच. 'तेरा बरोबर, ताई.' मीही पास झाले होते. स्टँडवर उसाचा रस प्यायलो आणि घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. पलीकडून आधी काही आवाजच आला नाही. मग म्हणाल्या, 'येताना पेढे आणा.'

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्या लायसन्सधारकाला. पोरांना शाळेत सोडणं तोवर नाही. मॅनेजरसाहेबांना शिकाऊ लायसन्स दाखवल्यावर त्यांनी जावेची जागा महिनाभर आणखी राखून ठेवली. तेवढ्यात ह्यांनी रोज पहाटे बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात आम्हा दोघींकडून आठचा आकडा गिरवून घेतला. जुलैअखेरीस पक्कं लायसन्स हातात आलं आणि ऑगस्टच्या एक तारखेला जाऊ दिरांच्या लाइनवर निघाली. हेल्मेट डोक्यात, पट्टा लावलेला. अंधार पडायच्या आत परत यायचं, ही सासूबाईंची अट. ती तिनं आजवर मोडलेली नाही.

आता तुमच्यासाठी चार कामं. एक, घरातली सगळी लायसन्स काढा आणि मुदत बघा. आता तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नास वयात काढलेलं दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेलं साठीपर्यंत आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवं करायचं. दोन, विम्याच्या कागदावर मालक-चालकाचं अपघाती कव्हर आहे का ते वाचा. तीन, आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्या. चार, अठरा वर्षं पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आमच्या ओसरीत हल्ली दुपारी शेजारच्या तिघी येऊन बसतात. एक आशाताई आहे, एक शिवणकाम करणारी, तिसरी नुकतीच लग्न होऊन आलेली सून. वही तीच आहे, जावेच्या अक्षरातली. प्रश्न विचारतात सासूबाई.